पोषणाचा ध्यास घेतलेली प्राध्यापिका : डॉ. कमला सोहोनी

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर फेरफटका मारताना ताडामाडांकडे आपले लक्ष सहज जाते. ताडगोळ्यांची गोडी आपण सारे जाणतो आणि ताडीमुळे उद्ध्वस्त झालेले संसारही आपण पाहिले आहेत. परंतु त्याच झाडाच्या ताज्या रसात कुपोषित बालकांचे आरोग्य शोधणाऱ्या एका मराठी प्राध्यापिकेची ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना असावी. त्या विदुषी म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाताईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, तर ज्येष्ठ साहित्यिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा १९३३ साली अव्वल क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणास्तव त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाताईंनी हा निर्णय मान्य केला नाही. त्या थेट संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर प्रवेश मिळाला, मात्र अटींसह. पहिले वर्ष परीक्षाधीन राहील, संचालकांचे समाधान झाल्याविना कामाला मान्यता मिळणार नाही आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा त्या अटी होत्या. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. तथापि त्यांचे परिश्रम पाहून रामन यांचेही मत पालटले आणि संस्थेची दारे पुढील विद्यार्थिनींसाठी खुली झाली.

बंगळुरूला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिज येथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या सुप्रसिद्ध प्रयोगशाळेत त्यांना संधी मिळाली. प्राण्यांच्या पेशींत श्वसनक्रियेला साहाय्य करणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य बटाट्याच्या पेशींतही असते, असे त्यांनी दाखवून दिले. प्राणी असो वा वनस्पती, श्वसनाच्या मुळाशी असलेली व्यवस्था एकच आहे, हा या संशोधनाचा आशय होय. अवघ्या चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. प्राप्त झाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परदेशात राहण्याचा मोह टाळून १९३९ साली त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात व त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी सेवा केली. १९४७ मध्ये श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या.

येथे त्यांनी विद्यार्थ्यांसमवेत गोरगरिबांच्या ताटातील अन्न अभ्यासाला घेतले. आपल्याकडे घरोघरी शिजणारे वालच पाहा. वालात भरपूर प्रथिने असतात, पण कच्च्या वालात पचनाला अडथळा आणणारी द्रव्येही असतात. आपल्या स्वादुपिंडातून पाझरणारे ट्रिप्सिन प्रथिनांचे विघटन करते. ही द्रव्ये नेमके त्याचेच कार्य रोखून धरतात. परिणामी अन्न पोटात जाऊनही अंगी लागत नाही. उष्णतेने मात्र ही द्रव्ये बहुतांशी निष्प्रभ होतात. वाल भिजवून, मोड आणून नीट शिजविण्याची आपल्या आया-आज्यांची रीत किती शहाणपणाची होती, हे यावरून उमगते.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. सूर्योदयापूर्वी उतरवलेला ताज्या रसाचा हा गोडवा ऊन चढताच आंबू लागतो व नीरेची ताडी होते. ताज्या नीरेत व तिच्या गुळात जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती माता यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. झाड तेच, रसही तोच. तो केव्हा प्यावा एवढाच फरक, पण त्याने घर सावरते किंवा मोडते.

संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे आले, तेही विलंबानेच. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली नऊ महिलांनी मुंबईत स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कार्यात त्यांनी स्वतःला झोकून दिले, अध्यक्षपद भूषविले आणि संस्थेच्या नियतकालिकातून गृहिणींना भेसळीविषयी सावध केले. महाविद्यालयाच्या भिंतींबाहेरचे हे त्यांचे विज्ञानशिक्षणच होते. १९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार झाला आणि त्यानंतर लवकरच त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आपल्याच पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील कुपोषणाच्या वार्ता आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. कमलाताईंनी पान उलटले नाही. आपल्या कुटुंबातील एखादी कन्या उद्या विज्ञान शिकण्याचा हट्ट धरील, तेव्हा तिच्यापुढे अटी ठेवण्यापूर्वी आपण या प्राध्यापिकेचे स्मरण करावे, एवढेच आम्ही सुचवू इच्छितो.