नेम न चुकलेली ॲनी

मध्यंतरी पुतण्या राहायला आला होता. त्याला जुन्या अमेरिकन मालिकांचं भारी वेड. त्याने मला संगणकावर 'ॲनी ओकली' नावाची १९५४ ते १९५७ या काळातली मालिका दाखवली. घोडे, धूळ, दरोडेखोर... एरवी मी उठून सरळ कुकर लावायला गेले असते. पण इथे दोन वेण्या घातलेली एक मुलगी घोडा दौडवत येते आणि बदमाशांच्या हातातलं पिस्तूल अचूक उडवते! गेल डेव्हिस या अभिनेत्रीने ते काम झकास केलंय. लागोपाठ तीन भाग बघितले आणि भाजी करपली, ते वेगळंच.

मालिकेतली ॲनी डायब्लो नावाच्या गावात धाकट्या भावाला सांभाळत राहते आणि गुंडांना पकडून देते. ही सगळी कल्पना. पण ॲनी ओकली नावाची बाई खरोखर होऊन गेली, आणि तिचं आयुष्य वाचल्यावर मला मालिका फिकी वाटायला लागली.

तिचं मूळ नाव फीबी ॲन मोझी. जन्म १३ ऑगस्ट १८६०, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका गरीब शेतकरी घरात. १८६६ मध्ये वडील गेले. घरात खाणारी तोंडं बरीच आणि हाताशी पैसा नाही. आठव्या वर्षी या पोरीने वडिलांची भिंतीवरची जुनी बंदूक उतरवली आणि शिकार करायला सुरुवात केली. हौस म्हणून नाही, चूल पेटावी म्हणून.

तरीही भागेना. शेवटी तिला सरकारी अनाथ-गरीबगृहात ठेवलं. तिथे ती शिवणकाम शिकली. मग एका कुटुंबाने पगार आणि शाळेचं आमिष दाखवून तिला कामाला नेलं. शाळा राहिली बाजूला, वाट्याला आला फक्त मार. रफू करताना डोळा लागला म्हणून तिला बर्फात अनवाणी बाहेर काढल्याचंही तिने पुढे सांगितलं. दोनेक वर्षांनी ती तिथून पळाली. त्या लोकांचं नाव तिने आयुष्यभर उघड केलं नाही. लांडगे एवढाच काय तो उल्लेख करायची.

घरी परतल्यावर पुन्हा बंदूक. मारलेले पक्षी, ससे ती ग्रीनव्हिलच्या दुकानदाराला विकायची आणि तिथून माल मोठ्या हॉटेलांत जायचा. पंधराव्या वर्षी तिने आईच्या शेतावरचं २०० डॉलरचं कर्ज फेडलं. आपण पंधराव्या वर्षी काय करत होतो, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

फ्रँक बटलर हा त्या काळचा नावाजलेला नेमबाज. गावोगाव फिरून पैजा लावायचा. सिनसिनाटीजवळ अशाच एका पैजेत त्याच्यासमोर उभी राहिली ही जेमतेम पाच फुटांची मुलगी. त्याचा एक नेम चुकला, तिचा एकही नाही. तो हरला आणि प्रेमातही पडला. दोघांनी लग्न केलं. १८८२ पासून ती त्याच्याबरोबर रंगमंचावर उभी राहू लागली. लोक हिलाच बघायला येतात, हे काही दिवसांतच त्याच्या लक्षात आलं. मग त्याने स्वतःची बंदूक खाली ठेवली आणि तिचा सगळा कारभार सांभाळला. आपल्यापेक्षा बायकोचं नाव मोठं झालं म्हणून त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. हे १८८० च्या दशकात बरं का!

१८८५ मध्ये ती बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' खेळात दाखल झाली. मूळ अमेरिकन टोळीचा प्रमुख सिटिंग बुल तिला मुलगी मानायचा. १८८७ मध्ये लंडनला राणी व्हिक्टोरियासमोर खेळ झाला. १८९४ मध्ये एडिसनने तिच्या नेमबाजीची छोटी फिल्म केली. आणि एवढं असूनही तिचे पोशाख ती स्वतः शिवायची, दोन खेळांच्या मधल्या वेळात तंबूत बसून भरतकाम करायची.

१९०१ मध्ये रेल्वे अपघातात ती जखमी झाली आणि तिने बफेलो बिलचा खेळ सोडला. पण खरा घाव पुढेच होता. १९०३ मध्ये शिकागोत एका बाईला चोरीसाठी पकडलं. तिने स्वतःचं नाव ॲनी ओकली सांगितलं. झालं! ॲनी ओकली कोकेनच्या व्यसनापायी चोरी करते, अशी बातमी देशभर छापून आली. खरी ॲनी तेव्हा न्यू जर्सीत होती.

ती गप्प बसली असती तर? चार दिवसांत लोक विसरतील, हा सल्ला आपल्याकडेही बदनामी झालेल्या बाईला सगळे देतात. खोटं का सांगू, समाजकार्य करताना मीसुद्धा तो एकीला दिलाय. आज त्याची लाज वाटते. ॲनीने ५५ वर्तमानपत्रांवर खटले भरले. सहाएक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. एक खटला सोडून सगळे जिंकली. भरपाईपेक्षा खर्चच जास्त झाला म्हणतात. पण तिला पैसा नको होता, नाव परत हवं होतं.

बायकांना बंदूक चालवता यावी, असं तिचं ठाम मत. हजारो जणींना तिने शिकवलं. गंमत म्हणजे स्त्रियांच्या मतदान हक्काच्या चळवळीपासून मात्र ती लांबच राहिली. माणूस सगळ्या बाजूंनी आपल्याला हवा तसा थोडाच असतो! पहिल्या महायुद्धात तिने सैनिकांच्या छावण्यांत स्वखर्चाने खेळ केले. डेव्ह नावाचा तिचा कुत्रा रुमालात लपवलेले पैसे हुंगून काढायचा आणि ते रेड क्रॉसला जायचे. पुढे तिने आपली पदकं वितळवून त्याचे पैसेही दान केले.

१९२२ मध्ये मोटार अपघातात ती जबर जखमी झाली. पायाला पट्टा बांधूनही तिने पुन्हा बंदूक हाती घेतली. ३ नोव्हेंबर १९२६ रोजी ती गेली. अठरा दिवसांनी फ्रँकही गेला. दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.

पुढे १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर तिच्यावर संगीतिका आली. त्यात शेवटी ती मुद्दाम हरते, कारण जिंकणारी बायको नवऱ्याला आवडणार नाही! वाचलं आणि मला आमचा कॅरमबोर्ड आठवला. नवीन लग्न झालं तेव्हा शेवटची सोंगटी मी हमखास मुद्दाम चुकवायचे. घरात वाद नको म्हणून.

खरी ॲनी मुद्दाम हरली नाही आणि तरी तिचा संसार शेवटपर्यंत टिकला. परवा सुट्टीत लेकीबरोबर आम्ही कॅरम काढला. मी राणी घेतली, कव्हर केली आणि डाव जिंकला. ह्यांनी मुकाट्याने चहा टाकला. उशीर झाला खरा, पण नेम अजून बरा आहे माझा!