ड्राझेन पेट्रोव्हिच : राखीव बाकावरचे दीड वर्ष

खेळाडूचे चरित्र लिहायचे म्हटले की विक्रम आणि पदके यांची यादी देण्याचा मोह होतो. ड्राझेन पेट्रोव्हिच या बास्केटबॉलपटूच्या बाबतीत तर अशी यादी देणे फारच सोपे आहे. परंतु त्याच्या आयुष्यातला जो काळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्या काळात त्याच्या नावावर विक्रम नव्हते. परक्या देशात राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून त्याने काढलेला तो काळ होय.

ड्राझेनचा जन्म २२ ऑक्टोबर १९६४ रोजी शिबेनिक या गावी झाला. एड्रिॲटिक समुद्राच्या काठचे हे लहानसे बंदर तेव्हा युगोस्लाव्हियात होते, आज ते क्रोएशियात आहे. वडील पोलीस खात्यात, तर आई ग्रंथालयात नोकरीला होती. थोरला भाऊ अलेक्झांडर बास्केटबॉल खेळत असे. त्याच्या मागोमाग ड्राझेनही मैदानात उतरला. शाळा भरण्यापूर्वी क्रीडागृहात जाऊन शेकडो वेळा चेंडू बास्केटमध्ये टाकायचा, हा त्याचा नेम होता. पंधराव्या वर्षी तो गावच्या शिबेंका संघाकडून मोठ्या खेळाडूंबरोबर खेळू लागला.

१९८३ साली राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यात अगदी शेवटी त्याने दोन फ्री थ्रो अचूक टाकले आणि शिबेंका जिंकला. गावात आनंदीआनंद झाला. पण ते फ्री थ्रो देण्यात पंचांची चूक झाली, असे ठरवून दुसऱ्याच दिवशी महासंघाने विजेतेपद काढून घेतले. फेरसामना खेळण्यास शिबेंकाने नकार दिला व अजिंक्यपद सारायेव्होच्या बोस्ना संघाला मिळाले. हातात आलेली गोष्ट निसटणे म्हणजे काय, हे ड्राझेनला अठराव्या वर्षीच कळले.

सक्तीची लष्करी सेवा पुरी करून १९८४ मध्ये तो झाग्रेबच्या सिबोना संघात दाखल झाला. या संघाने १९८५ व १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपीय अजिंक्यपद मिळवले. १९८५ सालीच एका लीग सामन्यात त्याने एकट्याने ११२ गुण केले. प्रतिस्पर्धी संघाने त्या दिवशी कुमार खेळाडू उतरवले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मातब्बर संघांविरुद्धही त्याचा हात तसाच चाले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने रौप्यपदक मिळवले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. त्यानंतर तो स्पेनच्या रेआल माद्रिदकडे गेला. १९८९ मध्ये युरोपीय चषक विजेत्यांच्या स्पर्धेतील अंतिम सामन्यात इटलीच्या कासेर्ता संघाविरुद्ध त्याने ६२ गुण केले. युरोपात त्याच्या तोडीचा बचावफळीतील दुसरा खेळाडू सापडणे कठीण होते.

असा हा खेळाडू १९८९ च्या हंगामात अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक लीगमध्ये पोर्टलंड संघाकडून खेळण्यास गेला. युरोपचे खेळाडू नेमबाजीत बरे, पण वेगात आणि बचावात कच्चे, असा समज त्या काळी अमेरिकेत घट्ट होता. शिवाय त्याच्या जागेवर क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर हे दोघे नामवंत खेळाडू आधीच होते. त्यामुळे पहिल्या हंगामात त्याला प्रत्येक सामन्यात सरासरी बारा-तेरा मिनिटेच मिळाली. दुसऱ्या हंगामात तर सातच मिनिटांवर पाळी आली आणि कित्येक सामन्यांत तो मैदानात उतरलाच नाही. संघ जिंकत होता, म्हणून प्रशिक्षकांनाही बदल करण्याचे कारण दिसत नव्हते. मायदेशात ज्याच्यासाठी प्रेक्षागृहे भरत, तो अंगावर सरावाचा सदरा तसाच ठेवून इतरांचा खेळ पाहत बसे.

या परिस्थितीत युरोपात परतणे सर्वांत सोपे होते. कोणत्याही संघाने त्याला हसत घेतले असते. पण तो परतला नाही. सराव चालूच ठेवून त्याने दुसऱ्या संघात पाठवण्याची मागणी लावून धरली. अखेर जानेवारी १९९१ मध्ये त्याला न्यू जर्सी नेट्स या संघात पाठवण्यात आले. हा संघ दुबळा समजला जाई, पण तेथे खेळायला मिळणार होते. ड्राझेनने वजने उचलून शरीर कमावले, बचाव सुधारला. १९९१-९२ च्या हंगामात तो सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला आणि प्रत्येक सामन्यामागे त्याचे सरासरी २०.६ गुण झाले. पुढच्या हंगामात ही सरासरी २२.३ वर गेली व लीगमधील सर्वोत्तम पंधरा खेळाडूंत त्याची निवड झाली. त्याच वर्षी ऑल-स्टार सामन्यासाठी मात्र त्याला वगळण्यात आले, याचे शल्य त्याला होते.

या यशाच्या काळातच त्याने एक मोठी गोष्ट गमावली. सर्बियाचा व्लादे दिवाच हा त्याचा जिवलग मित्र. दोघेही १९८९ मध्येच अमेरिकेत गेले होते आणि परदेशात एकमेकांचा आधार होते. १९९० साली युगोस्लाव्हियाने ब्युनोस आयर्स येथे जागतिक अजिंक्यपद जिंकले, तेव्हा एक प्रेक्षक क्रोएशियाचा ध्वज घेऊन मैदानात धावला आणि दिवाचने तो हिसकावून घेतला. पुढे देश फुटला, युद्ध पेटले आणि मैत्रीही तुटली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ड्राझेन स्वतंत्र क्रोएशियाचा आघाडीचा खेळाडू होता. अंतिम सामन्यात अमेरिकेच्या बलाढ्य संघापुढे क्रोएशिया हरला, तरी ड्राझेनने २४ गुण केले. रौप्यपदक मिळाले, मित्र मात्र परत मिळाला नाही.

७ जून १९९३ रोजी पोलंडमधील स्पर्धा आटोपून तो परतत होता. संघाबरोबर विमानाने न जाता तो जर्मनीतून मोटारीने निघाला. डेंकेनडॉर्फ गावाजवळ, पावसात, दुभाजक ओलांडून आडव्या आलेल्या मालट्रकवर मोटार आदळली आणि ड्राझेन जागीच ठार झाला. त्याचे वय अवघे २८ वर्षांचे होते. झाग्रेबच्या मिरोगोय दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. नेट्सने त्याचा ३ क्रमांक कायमचा राखून ठेवला. २००२ साली अमेरिकेच्या बास्केटबॉल कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला. दिवाच त्याच्या आईला भेटून त्याच्या थडग्यापाशी गेला, तोवर बरीच वर्षे लोटली होती. २०१० च्या एका माहितीपटात ही भेट पाहायला मिळते.

२०२१ साली सर्बियाचा निकोला योकिच एन.बी.ए.चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तेव्हा तो युरोपचा म्हणून कोणी नवल केले नाही. हे नवल संपवण्यात ड्राझेनचा मोठा वाटा आहे.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे अनेकजण घराण्यातून पहिल्यांदाच उंबरठा ओलांडून आले आहेत. गावच्या शाळेत पहिला आलेला मुलगा येथे मागच्या बाकावर बसतो आणि आपले चुकले की काय, असे त्याला वाटू लागते. अशा वेळी ड्राझेनची ती दीड वर्षे आठवावीत. बाक कोणता मिळणार, हे त्याच्या हाती नव्हते. सकाळचा सराव हाती होता, आणि तो त्याने कधी सोडला नाही. मैत्रीही अशीच आपल्या हाती असते. ती सांभाळायला मात्र त्याला आयुष्य पुरले नाही.