अमरिलिसचे उपासक : विल्यम हर्बर्ट

चैत्र-वैशाखात कुंडीत तुतारीसारखी लाल फुले मिरवणारी अमरिलिस मूळची दक्षिण अमेरिकेची. तिला हिप्पिअ‍ॅस्ट्रम हे शास्त्रीय नाव देणारे विल्यम हर्बर्ट १७७८ साली इंग्लंडात एका उमरावाच्या घरी जन्मले. पार्लमेंटचे सभासदत्व भोगून ते १८१४ साली यॉर्कशायरातील स्पॉफर्थ येथे पाद्री झाले आणि कंदांच्या नादी लागले.

दोन जातींच्या संकरातून झालेले झाड वांझच निपजते, असा त्या काळी पक्का समज होता. स्वतः धर्मोपदेशक असूनही हर्बर्टनी तो पारखून पाहिला. एका कंदाच्या चार फुलांपैकी तिघांना त्यांनी स्वतःचेच पराग लावले. चौथ्याला मागाहून तीन निराळ्या जातींपासून झालेल्या संकरित झाडाचे. तिन्ही बोंडे सुकली. चौथे भरले व त्याचे बी जोमाने उगवले.

१८३७ साली या कुळावरील त्यांचा ग्रंथ निघाला. १८४७ साली ते वारले. पुढे १८५९ साली डार्विनने आपल्या ग्रंथात हाच प्रयोग आधारास घेतला. ते पाहण्यास हर्बर्ट उरले नव्हते.

कंद लावताना मान मातीबाहेर ठेवावी. त्यापासून तेच फूल मिळते. निराळे हवे तर दुसऱ्या झाडाचे पराग लावून, बोंड फुटताच काळे, कागदासारखे पातळ बी ताजेच पेरावे आणि दोन-तीन वर्षे धीर धरावा. हर्बर्टनी जन्मभर हेच केले.