गौतमीचा पुत्र

भगिनींनो, आपले वाशीम ‘वत्सगुल्म’ या नावाने वाकाटकांची राजधानी झाले, त्याच्याही आधीच्या एका राजाविषयी मला सांगावयाचे आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत क्षहरात शकांनी सातवाहनांचा बराच मुलूख बळकावला होता. गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांचा राजा नहपान याचा पराभव करून तो परत मिळविला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीस नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर या विजेत्याचा ठसा आहे.

मला मात्र त्याचा मोठेपणा दुसऱ्याच गोष्टीत दिसतो. त्याने भिक्षूंना दिलेले शेत पडीक राहिले, गाव ओस पडले. तेव्हा राज्याच्या २४ व्या वर्षी राजा व राजमाता यांनी मिळून त्यांना दुसरी १०० निवर्तने जमीन दिली.

पुढे नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी वृद्ध गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेण्यात पुत्राची कीर्ती कोरविली. त्याच्या मुलुखांत आपल्या विदर्भाचेही नाव आहे. विजयांबरोबरच त्याचे न्याय्य कर, प्रजेच्या सुखदुःखाशी समरसता आणि आईची सेवा हेही तिने नोंदविले. पराक्रम नाण्यांनीही सांगितला असता. मुलाचे मन मात्र आईनेच जपून ठेविले.