असईचा सेनापती आणि आमचा शोधनिबंध

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना आपल्या धर्मग्रामातला एक विद्यार्थी रविवारच्या मिस्सेनंतर आमच्याकडे आला. बी.ए.चे शेवटचे वर्ष, विषय इतिहास. एखाद्या प्रभावी ऐतिहासिक नेत्यावर शोधनिबंध लिहून द्यायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी शिवाजी महाराज, डॉ. आंबेडकर, गांधीजी अशी नावे घेतली होती. याने मात्र आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ज्याला जग ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखू लागले, तो सेनापती निवडला होता. कारण साधे होते. त्याचे आजोळ भोकरदनच्या बाजूला आहे आणि असईच्या लढाईबद्दल तो लहानपणापासून ऐकत आला होता.

पहिला मसुदा सरांनी परत केला होता. आम्ही तो वाचला आणि सरांचे काही चुकले नाही हे लक्षात आले. अर्धा मजकूर इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवलेला. त्यात भर म्हणजे निम्म्या ठिकाणी असईचे वसई झाले होते! चूक हसण्यासारखी होती खरी, पण दोन्ही गावांचा या गोष्टीशी संबंध आहेच. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला तो वसईला, आणि त्या तहातून पेटलेल्या युद्धाची मोठी लढाई झाली ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला. आम्ही त्याला सांगितले की आता हे सगळे बाजूला ठेव, आपण मुळापासून सुरुवात करू. पुढचे दीड-दोन महिने दर रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये आमची बैठक बसू लागली.

आर्थरचा जन्म 1769 मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनचा. घराणे सरदाराचे, पंथाने प्रॉटेस्टंट. सभोवतालची आयरिश प्रजा मात्र बहुतांशी कॅथलिक, आणि जमीन, अधिकार, कायदा हे सारे मूठभर प्रॉटेस्टंट घराण्यांच्या हातात. हे आधीच लक्षात ठेवायला हवे, कारण गोष्टीच्या शेवटी आपल्याला पुन्हा तेथेच यायचे आहे. वडील संगीतकार होते. ते 1781 मध्ये वारले. मुलगा अभ्यासात यथातथाच, व्हायोलिन मात्र चांगले वाजवायचा. किटी पॅकनहॅम नावाच्या मुलीला त्याने मागणी घातली आणि तिच्या घरच्यांनी ती नाकारली. हातात पैसा नाही, पुढे काही होईल असे दिसत नाही, अशा मुलाला मुलगी कोण देणार? त्याने आपली व्हायोलिने जाळून टाकली आणि पूर्ण लक्ष सैन्याच्या नोकरीत घातले. (तिच्याशी लग्न झाले ते 1806 मध्ये, हिंदुस्थानातून परतल्यावर. संसार काही सुखाचा झाला नाही.)

1797 मध्ये तो हिंदुस्थानात उतरला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्याला आला, आणि धाकट्याला मोठमोठ्या कामगिऱ्या मिळू लागल्या. त्या काळीही वशिल्याची कुजबुज झाली होती. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान पडला, त्या मोहिमेत आर्थर होता. 1803 च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला चार दिवसांत घेतला आणि गोदावरी ओलांडून तो आपल्या मुलखात आला. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने सप्टेंबरच्या सुरुवातीला जालन्याचा किल्ला घेतलाच होता.

येथपासून आमच्या विद्यार्थ्याला खरी गोडी लागली, कारण कागदांत ओळखीची गावे येऊ लागली. 21 सप्टेंबरला दोन्ही सेनापती भेटले ते बदनापूरला. आपण रेल्वेने जाताना लागते ना, तेच बदनापूर. दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी जायचे आणि 24 तारखेला दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांवर एकत्र चाल करायची, असे ठरले. पण 23 तारखेला वेलस्लीला कळले की शिंद्यांचा तळ अगदी जवळ, केळणा नदीच्या काठी आहे. स्टीव्हन्सनची वाट पाहावी तर तोवर समोरची फौज निघून जाईल अशी भीती. त्याच्याजवळ म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार धरून साडेनऊ हजारांच्या आसपास माणसे होती. समोर नुसते घोडदळच तीस हजारांवर, कवायती पायदळ दहा हजारांच्या पुढे आणि शंभराच्या आसपास तोफा. त्या पायदळावर पोलमन नावाचा जर्मन अधिकारी होता.

समोरून नदी ओलांडणे म्हणजे मरण. वाटाड्यांनी सांगितले की पुढे दुसरा उतार नाही. वेलस्ली स्वतः पुढे गेला आणि दुर्बिणीतून पाहू लागला. नदीच्या अलीकडे एक गाव आणि अगदी समोर पलीकडे दुसरे गाव त्याला दिसले. इंग्रजांच्या कागदांत त्यांची नावे पीपुलगाव आणि वरूर अशी आहेत. दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत म्हणजे त्यांच्यात येणे-जाणे असलेच पाहिजे, आणि येणे-जाणे आहे म्हणजे उतारही असलाच पाहिजे, असे त्याने ताडले. उतार निघाला. सगळी फौज तेथून पलीकडे गेली.

हा प्रसंग आम्ही त्या मुलाला दोनदा वाचायला लावला. सांगितलेले खरे मानायचे की दिसते त्यावरून विचार करायचा, हा त्याच्या निबंधापुढचाही प्रश्न होताच. नंतर एका शनिवारी आम्ही चौघे जीपने असईला गेलो. केळणेला पाणी बेताचेच होते, दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका. दुसऱ्या अंगाला जुई नदी. या दोन नद्यांच्या बेचक्यात ती लढाई झाली. जागा पाहिल्यावर नकाशा कळला, घरी बसून कळला नव्हता. एक जाणते आजोबा भेटले. नांगरताना पूर्वी लोखंडी गोळे सापडायचे असे त्यांनी ऐकले होते, स्वतः पाहिलेले नव्हते. मुलाने हे दोन्ही लिहून घेतले, म्हणजे ऐकलेले आणि पाहिले नसल्याचेही. हे आम्हाला फार आवडले.

लढाई भयंकर झाली. शिंद्यांच्या पायदळाने चटकन तोंड फिरवून नवी फळी धरली. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफेपाशीच कापले गेले. काहीजण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. वेलस्लीच्या एका अधिकाऱ्याची दिशा चुकली आणि त्याच्या मागे गेलेली 74 वी स्कॉटिश पलटण थेट असई गावाच्या तोफांसमोर सापडली. तिचे तीन चतुर्थांशांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. वेलस्लीच्या खालचे दोन घोडे गेले. एक मेला, दुसऱ्याला भाल्याची जखम झाली. संध्याकाळपर्यंत मैदान इंग्रजांच्या हातात आले. त्या रात्री तो प्रेतांच्या शेजारीच पडून राहिला आणि आपले सगळे सोबती मेले अशा भासाने पुन्हा पुन्हा दचकून उठत होता, असे सांगतात.

आता आकडे. इंग्रजांकडचे 428 ठार, 1138 जखमी, 18 बेपत्ता. आमच्या विद्यार्थ्याने हा आकडा तसाच उतरवून घेतला असता, पण आमच्यातल्या निवृत्त शिक्षकांनी त्याला तो फोडून पाहायला सांगितले. 428 ठारांपैकी गोरे 198 आणि देशी 230. जखमींत गोरे 442 आणि देशी 696. म्हणजे ज्याला इंग्रजांचा विजय म्हणतात, त्यासाठी पडलेल्यांत निम्म्याहून जास्त आपलेच, मद्रासकडचे शिपाई. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे यादीत आहेत, शिपायांची फक्त संख्या आहे. आणि शिंद्यांच्या बाजूने किती पडले? सुमारे बाराशे मृत, हा अंदाजही इंग्रजांचाच. कोणी नेमके मोजले नाही. वेलस्लीची पत्रे 1834 पासून खंडाखंडाने छापून निघाली, म्हणून त्याची बाजू जगाला पाठ झाली. असईच्या तोफेपाशी मेलेल्या गोलंदाजाने पत्र लिहिले नाही.

हे कळल्यावर मुलाला एकदम राग आला आणि त्याने दुसरा मसुदा असा लिहून आणला की त्यात वेलस्लीचे काहीच बरे नव्हते. आम्ही तोही परत केला! राग समजण्यासारखा होता, पण निबंध एका माणसाच्या संपूर्ण आयुष्यावर होता, आणि ते आयुष्य असईला संपले नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. अडगाव, गाविलगड, मग डिसेंबर 1803 मध्ये देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह. 1805 मध्ये तो मायदेशी परतला. स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांशी अनेक वर्षे झुंजला, 1814 मध्ये ड्यूक झाला, आणि 18 जून 1815 रोजी वॉटर्लूला प्रशियाच्या फौजेच्या साथीने त्याने नेपोलियनचा कायमचा पाडाव केला. वॉटर्लू शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. पण उतारवयात कोणीतरी त्याला त्याची सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारले, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले. जालन्याच्या मुलाने हे लिहायलाच हवे.

1828 च्या जानेवारीत तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. आता आपण पुन्हा आयर्लंडला येतो. त्या काळी पार्लमेंटात बसायचे तर आधी एक प्रतिज्ञा करावी लागे. मिस्सेतील भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात परिवर्तन होते ही श्रद्धा खोटी आहे, असे त्यात जाहीर करावे लागे. आपण दर रविवारी वेदीसमोर जे मानून गुडघे टेकतो, तेच नाकारायचे! साहजिकच कोणा श्रद्धावंत कॅथलिकाला आत जाता येत नव्हते. 1828 च्या जुलैमध्ये डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक वकील आयर्लंडमधल्या क्लेअर मतदारसंघातून निवडून आला. लोकांनी निवडले आणि कायदा आत येऊ देत नाही, असा पेच पडला. आयर्लंड पेटण्याच्या बेतात होते.

वेलिंग्टन आणि त्याचा सहकारी रॉबर्ट पील, दोघेही तोवर जुन्या व्यवस्थेच्या बाजूचे. तरी त्यांनी कायदा बदलायचे ठरवले. राजा चौथा जॉर्ज अडून बसला, तेव्हा मंत्र्यांनी राजीनामे पुढे केले आणि राजाला माघार घ्यावी लागली. पीलला ऑक्सफर्डची जागा गमवावी लागली. लॉर्ड विंचिल्सीने तर ड्यूकवर आरोप केला की हा माणूस लपूनछपून पोपची सत्ता देशात आणतो आहे. पंतप्रधानाने त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले. साठीला टेकलेला हा गृहस्थ 21 मार्च 1829 च्या सकाळी लंडनजवळच्या बॅटर्सीच्या मैदानात पिस्तूल घेऊन उभा राहिला. त्याची गोळी बाजूने गेली, समोरच्याने हवेत बार काढला आणि लेखी माफी मागितली. देशाचा कारभार असा चालतो का, असे आमच्या सिस्टरांनी विचारले. त्यांचे बरोबर आहे. 13 एप्रिल 1829 रोजी कायद्याला मंजुरी मिळाली आणि कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले.

हे वाचून आम्हीच जास्त हुरळलो, हे कबूल करतो. असईचा सेनापती कॅथलिकांचा कैवारी ठरला, असा शेवट आम्ही त्याला सुचवला. त्याने मान्य केले नाही. त्याने आणखी वाचले होते. त्याच वेळी दुसरा कायदा करून आयर्लंडमध्ये मतदानासाठीची मालमत्तेची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली होती, आणि ज्या गरीब शेतकऱ्यांनी ओकॉनेलला निवडून दिले त्यांतल्या बहुतेकांचे मतच गेले. जेजुइट आणि इतर संन्यस्त संघांवर नवी बंधने आली. शिवाय वेलिंग्टनला कॅथलिकांचे प्रेम होते म्हणून त्याने हे केले नाही, यादवी युद्धाच्या भीतीने केले. इतक्या लढाया पाहिलेल्या माणसाला आपल्याच देशात आणखी एक नको होती. 1830 मध्ये मतदानाच्या सुधारणेला नकार दिल्याने त्याचे सरकार पडले. 1831 च्या एप्रिलमध्ये किटी वारली आणि तिचे शव घरात असतानाच बाहेर जमावाने घराच्या काचा फोडल्या. तो स्वतः 14 सप्टेंबर 1852 रोजी वारला आणि लंडनच्या सेंट पॉल कथीड्रलमध्ये पुरला गेला.

तिसरा मसुदा त्याने एकट्याने लिहिला. आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिले. त्यात कैवारी हा शब्द नाही आणि राक्षस हाही नाही. असईच्या प्रकरणाला त्याने सगळ्यात जास्त पाने दिली आहेत आणि 230 हा आकडा ठळक छापला आहे. सरांनी निबंध ठेवून घेतला. एक प्रत चर्चच्या हॉलमधल्या कपाटात आहे. मिस्सेनंतर मागून घ्यावी, वाचून परत करावी. भोकरदन-जाफराबादच्या बाजूला ज्यांचे सोयरे-नातेवाईक आहेत त्यांच्याकडे जुने मोडी कागद असतील, तर आम्हाला जरूर कळवावे. मुलगा आता मोडी शिकतो आहे.