थंडीत न पेटणारी गाडी आणि रुडॉल्फ डिझेल

डिसेंबरातली सकाळ. लेक्चर साडेसातचं. घरातली जुनी डिझेल गाडी न्यायची परवानगी मोठ्या मुश्किलीने मिळालीय आणि तुम्ही चावी फिरवताय, तर गाडी नुसती कण्हतेय. कशीबशी सुरू झाली, तर घाटात टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे. मेकॅनिक म्हणणार की हीटर प्लग गेलेत, कॉम्प्रेशन उतरलंय, रेडिएटर चोंदलाय. त्याचं बरोबरच असेल. पण या दोन्ही तक्रारी सगळ्यात आधी ज्याने झेलल्या, त्याचं नाव तुम्ही दर वेळी पेट्रोल पंपावर घेता. डिझेल हे एका माणसाचं आडनाव.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म 1858चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. तिथेही हलाखीच. शेवटी बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले. बर्फ बनवायची यंत्रं करणारे हेच ते लिंडे. फायनलच्या परीक्षेला रुडॉल्फला टायफॉईड झाला, परीक्षा हुकली. पुढच्या खेपेला दिली आणि अव्वल आला. (एटीकेटीवाल्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये. तो आजारी होता.)

वर्गात ऐकलेली एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातली जेमतेम 10 टक्के उष्णता कामाला लावत, बाकीची वाया. शिवाय ती अवाढव्य, म्हणजे ती परवडणार फक्त बड्या कारखानदारांना. छोट्या कारागिरालाही परवडेल असं इंजिन हवं, हे त्याचं स्वप्न. आपल्याकडे विहिरीवर हँडल मारून सुरू होणारं डिझेल इंजिन ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते पटकन कळेल.

त्याची युक्ती तुमच्या ओळखीची आहे. सायकलमध्ये जोरजोरात हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं ना? दाबली की हवा तापते. मग ती इतकी दाबायची, की आत फवारलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटेल. जुन्या डिझेल गाडीत हवा साधारण वीसपट दाबली जाते आणि पाचशे अंशांच्या वर तापते. आता बघा, इंजिन थंडगार असलं, पिस्टनच्या रिंगा झिजल्या असल्या, बॅटरी मंद फिरवत असली, तर हवा तेवढी तापतच नाही. गाडी नुसती कण्हते, पांढरा धूर सोडते. हीटर प्लग ती कमी पडणारी ऊब पुरवतात.

1892 मध्ये रुडॉल्फने पेटंटसाठी अर्ज केला. 1893च्या ऑगस्टमध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या इंजिनात इंधन सोडलं. स्फोट झाला, दाब मोजायचं उपकरण फुटून तुकडे उडाले. इंजिन स्वतःच्या बळावर फिरलंच नाही, पण इंधन ठिणगीशिवाय पेटतं हे दिसलं. गंमत म्हणजे, या पहिल्या इंजिनाला पाण्याने थंड करायची सोयच नव्हती. रुडॉल्फचं गणित असं, की उष्णता कामालाच लागेल, मग थंड काय करायचं? कागदावर फिट बसणारं हे गणित लोखंडात बसेना. पुढच्या इंजिनांना पाणी खेळवावं लागलं. तुमच्या गाडीचा रेडिएटर म्हणजे त्या फसलेल्या गणिताची आठवण समजा.

1894च्या फेब्रुवारीत इंजिन जेमतेम मिनिटभर आपणहून चाललं. त्यानंतर आणखी तीन वर्षं सुटे भाग बदलणं, पुन्हा जोडणं. 1897 मध्ये प्राध्यापक श्र्योटर यांनी चाचणी घेतली आणि आकडा निघाला 26.2 टक्के. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त!

इथे सिनेमा संपायला हवा होता. रुडॉल्फ लखपती झाला, म्युनिकमध्ये आलिशान बंगला बांधला. पण गिऱ्हाइकांकडे गेलेली सुरुवातीची इंजिनं सतत बिघडत. तक्रारी, पेटंटचे वाद, डोकेदुखी. 1898 मध्ये त्याला उपचारांसाठी भरती व्हावं लागलं. जमिनींच्या व्यवहारात पैसा बुडाला. इंजिन हळूहळू सुधारत गेलं, जहाजांत, पाणबुड्यांत पोचलं. त्याचा बाप मात्र कर्जात रुतत गेला, आणि घरातसुद्धा कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

29 सप्टेंबर 1913 रोजी तो इंग्लंडला एका बैठकीसाठी अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ बोटीवर चढला. सोबत्यांबरोबर जेवला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी, बिछान्यावर कोणी झोपलेलं नाही. डेकवर कोट आणि हॅट. जायच्या आधी त्याने बायकोकडे एक बॅग दिली होती, आठवडाभराने उघड म्हणून. तिच्यात 20,000 मार्क होते आणि बँकेची खाती रिकामी असल्याचे कागद. त्याचा घातपात झाला, असं मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला त्या बॅगेपुढे ते पटत नाही.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू ओळखल्या त्याच्या मुलाने, ऑयगेनने. डिझेल इंजिनची मोटारगाडी बाजारात यायला तेव्हा अजून वीसेक वर्षं होती.