काटा आणि कायदा

कायद्याची खरी कसोटी दुर्बळाला शिक्षा करण्यात नसून बलाढ्याला जाब विचारण्यात असते. अमेरिकेचे संघीय सरकारी वकील हेन्री स्टिम्सन (१८६७-१९५०) यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

किफायतशीर वकिली बाजूस सारून १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या नियुक्तीने ते न्यूयॉर्कमध्ये या पदावर आले. फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्यासारखे गुणवंत तरुण त्यांनी हाताशी घेतले. रेल्वे कंपन्या बड्या ग्राहकांना चोरून देत असलेल्या भाडेसवलतींविरुद्ध त्यांनी खटले भरले.

सर्वाधिक गाजला तो साखरेचा खटला. आयात होणाऱ्या कच्च्या साखरेवर वजनानुसार जकात असे. ‘अमेरिकन शुगर रिफायनिंग’ या बलाढ्य कंपनीच्या ब्रुकलिन येथील धक्क्यावर वजनकाट्यांत पोलादी स्प्रिंग सरकवून वजन कमी दाखविले जाई. १९०७ साली ही काटामारी उघडकीस आली. हा खालच्या नोकरांचा परस्पर उद्योग, असे म्हणून मालकांना हात झटकता आले असते. स्टिम्सन यांनी हिशेबाच्या वह्यांचाच आधार घेतला. विक्रेत्याला पैसे चुकते करताना धरलेले वजन आणि जकात भरताना दाखविलेले वजन यांत सातत्याने तफावत होती. लाभ कोणाचा, हे आकड्यांनीच सांगितले. १९०९ मध्ये कंपनीला वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम सरकारजमा करावी लागली. पद सोडल्यावरही स्टिम्सन यांनी हे काम विशेष वकील म्हणून चालू ठेवले आणि १९१० मध्ये कंपनीचा चिटणीसही दोषी ठरला.

पुढे ते युद्धमंत्री, फिलिपाइन्सचे गव्हर्नर-जनरल व परराष्ट्रमंत्री झाले. १९४० मध्ये त्यांच्याकडे पुन्हा युद्धखाते आले. नाझी नेत्यांना विनाचौकशी ठार न मारता न्यायासनासमोर उभे करावे, हा त्यांचा आग्रह जुन्या सरकारी वकिलाला साजेसा होता. परंतु १९४२ मध्ये जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना आरोप व पुरावा यांवाचून घरांतून उठवून छावण्यांत डांबण्यात आले, त्या निर्णयातही त्यांचाच हात होता. साखरेच्या प्रत्येक पोत्यामागे पुरावा मागणाऱ्याने माणसांच्या बाबतीत तो मागितला नाही.

म्हणूनच केवळ व्यक्तीच्या सचोटीवर विसंबून राहणे राष्ट्राला परवडत नाही. भयाच्या काळातही सत्ताधाऱ्यांकडे पुरावा मागणारी व्यवस्था असावी लागते. सरकारी वकिलाच्या हातचा काटा सरकारसाठीही तोच असला पाहिजे.